हुकमी क्वार्टरबॅक असताना दुसरा घ्यावा का? घ्यावा तर कितव्या फेरीत?

२५ एप्रिल २०२४, डेट्रॉइट. एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवखे खेळाडू संघांनी क्रमाने निवडण्याच्या सोहळ्यात, आठवी निवड अटलांटा फाल्कन्सची होती. जेमतेम दीड महिन्यापूर्वी त्यांनी कर्क कझिन्स या अनुभवी क्वार्टरबॅकशी (आक्रमणात चाली सांगणारा आणि बॉल फेकणारा खेळाडू) चार वर्षांचा, १८ कोटी डॉलरचा करार केला होता, त्यातले १० कोटी हमीचे. क्वार्टरबॅकची जागा भरली, पैसे मोजून झाले, आता बचावफळीसाठी एखादा दांडगा गडी घेतील असं सगळे धरून चालले होते. फाल्कन्सनी घेतला मायकल पेनिक्स ज्युनियर. म्हणजे आणखी एक क्वार्टरबॅक! कझिन्सच्या एजंटने नंतर सांगितलं की निवडीचं घड्याळ सुरू झाल्यावर आम्हाला कळवलं, त्याआधी चकार शब्द नाही.

तेव्हापासून हा वाद दर एप्रिलमध्ये नव्याने पेटतो. न्यू जर्सी किंवा डॅलसकडचे मराठी चाहते रात्रीची जेवणं आटोपून ड्राफ्ट लावतात, इकडे भारतात पहिली फेरी पहाटे साडेपाचला सुरू होते. पण भांडण दोन्हीकडे तेच. आपला क्वार्टरबॅक ठीकठाक चालला असताना वरच्या फेरीतली निवड त्याच्या मागच्या माणसावर घालवायची का?

नव्याने बघायला लागलेल्यांसाठी दोन ओळी. ड्राफ्टच्या सात फेऱ्या असतात, संघ ३२, आणि आदल्या हंगामात जो सगळ्यात खाली राहिला तो आधी निवडतो. नवख्या खेळाडूचा करार चार वर्षांचा असतो आणि २०११ पासून त्याचा आकडा निवडीच्या क्रमांकावरून जवळजवळ ठरलेला असतो. पहिल्या फेरीतल्या खेळाडूला संघ पाचव्या वर्षासाठीही ठेवून घेऊ शकतो. दुसऱ्या फेरीपासून पुढे ही सोय नाही. क्वार्टरबॅकची जागा क्रिकेटमधल्या यष्टिरक्षकासारखी: राखीव गोलंदाजाला कधी ना कधी संधी मिळते, राखीव यष्टिरक्षक मात्र पहिल्याचं बोट मोडेपर्यंत पाणीच नेतो.

आधी गरज कोणती ते ठरवा

या वादात दोन निराळ्या गरजांची कायम सरमिसळ होते. एक गरज विम्याची. यंदाच्या १७ सामन्यांत आपला माणूस चार-पाच सामने जायबंदी झाला तर नाव तरंगत ठेवणारा कुणीतरी हवा. दुसरी गरज वारसदाराची. आजचा माणूस दोन-तीन वर्षांत उतरणीला लागणार, तेव्हा तहान लागल्यावर विहीर खणायला नको म्हणून आत्ताच पोरगा आणून ठेवायचा.

विम्यासाठी नवखा पोरगा हा बहुतेक वेळा सगळ्यात वाईट पर्याय असतो. याचं कारण सरावाच्या मैदानावर दिसतं. बुधवार ते शुक्रवार जो सराव चालतो त्यात मुख्य क्वार्टरबॅक जवळपास सगळे स्नॅप (चालीची सुरुवात म्हणून मागे दिलेला बॉल) घेतो, कारण रविवारी खेळायचं त्यालाच आहे. मागच्याच्या वाट्याला येते स्काउट टीम. येत्या रविवारचा प्रतिस्पर्धी जसा खेळतो तसं खेळून आपल्याच बचावफळीला तयार करणं हे तिचं काम. साहाय्यक कोच मोठ्या कार्डावर जाड रेषांनी काढलेली चाल वर धरतो, पोरगा ती बघतो, भोवतीच्या दहाजणांना सांगतो आणि परक्या संघाची चाल खेळतो. स्वतःच्या प्लेबुकातली चाल पास झेलणाऱ्या स्वतःच्या मुख्य रिसीव्हरबरोबर खेळायची संधी आठवड्यात फार क्वचित. मोसमाआधीचे सराव सामने तीन. एवढ्या शिदोरीवर ऑक्टोबरात अचानक मैदानात उतरायचं.

उलट ज्याने दहा वर्षं बचावफळ्या वाचल्यात त्याला फारसा सराव नसला तरी चालतं. निदान बॉल कुठे टाकू नये एवढं तरी त्याला कळतं.

त्यामुळे 'आमच्या क्वार्टरबॅकचा गुडघा नाजूक आहे, म्हणून पहिल्या-दुसऱ्या फेरीत एक घेऊन ठेवू' हा युक्तिवाद मला पटत नाही. वरच्या निवडीतून घ्यायचा तो वारसदार. आणि तो वारसदार आहे हे निदान संघाच्या कचेरीत तरी सगळ्यांनी मान्य केलेलं असावं.

पैसा: दिसतो तेवढा महाग सौदा नाही

| कुठून | कोण | करार |
|---|---|---|
| पहिल्या दहात | मायकल पेनिक्स, ८वी निवड, २०२४ | ४ वर्षं, सुमारे २ कोटी २९ लाख डॉलर |
| पहिल्या फेरीच्या अखेरीस | जॉर्डन लव्ह, २६वी, २०२० | ४ वर्षं, सुमारे १ कोटी २४ लाख |
| दुसरी फेरी | जेलन हर्ट्स, ५३वी, २०२० | ४ वर्षं, सुमारे ६० लाख |
| सातवी फेरी | ब्रॉक पर्डी, २६२वी, २०२२ | ४ वर्षं, सुमारे ३७ लाख |
| अनुभवी, वेळ आली तर पहिला | गार्डनर मिन्श्यू, रेडर्स, २०२४ | २ वर्षं, २ कोटी ५० लाख |
| अनुभवी, हंगामापुरता | जकोबी ब्रिसेट, पेट्रियट्स, २०२४ | १ वर्ष, सुमारे ८० लाख |

आठव्या निवडीचा पेनिक्स वर्षाला सरासरी ५७ लाखांना पडतो, म्हणजे ब्रिसेटपेक्षा स्वस्त. २०२४ ची सॅलरी कॅप, म्हणजे संघाच्या एकूण पगारावरची मर्यादा, २५ कोटी ५४ लाख होती. तिच्यापुढे हा खर्च किरकोळ. दुसऱ्या फेरीतला हर्ट्स तर जवळपास फुकटच. तेव्हा 'बाकावर बसवायला एवढे पैसे कशाला' ही तक्रार करण्यात अर्थ नाही. २०११ च्या आधी असता. २०१० मध्ये पहिल्या क्रमांकावर निवडलेल्या सॅम ब्रॅडफर्डला सहा वर्षांचे ७ कोटी ८० लाख मिळाले होते, त्यातले ५ कोटी हमीचे. वर्षभरात नियम बदलले आणि २०११ चा पहिला कॅम न्यूटन चार वर्षांसाठी २ कोटी २० लाखांत आला.

खरी किंमत: जो घेतला नाही तो

फाल्कन्सच्या बाबतीत ती अगदी मोजून दाखवता येते. २०२४ च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या १४ निवडी सगळ्या आक्रमणातल्या खेळाडूंच्या झाल्या. असं त्याआधी कधी घडलं नव्हतं. बचावातला पहिला खेळाडू पंधराव्या क्रमांकावर गेला. याचा अर्थ आठव्या क्रमांकावर बसलेल्या फाल्कन्सपुढे त्या वर्षीचा बचावातला अख्खा बाजार मांडलेला होता, हवा तो उचलायचा. आणि समोरच्या क्वार्टरबॅकवर धावून जाणारे खेळाडू ही त्यांची जुनीच दुखरी नस. वर्षभराने तीच उणीव भरायला त्यांनी पंधराव्या क्रमांकावर जेलन वॉकर घेतला. तेवढ्याने भागेना, म्हणून २०२६ ची पहिल्या फेरीतली निवड रॅम्सना देऊन सव्विसाव्या क्रमांकावर जेम्स पिअर्स ज्युनियरही घेतला. पेनिक्सच्या खऱ्या बिलात मी ही उधारीही धरतो.

ग्रीन बे पॅकर्सचं बिल याहून चटका लावणारं. २०१९ च्या हंगामात ते एनएफसीच्या (लीगच्या दोन गटांपैकी एक) अंतिम सामन्यापर्यंत पोचले. अ‍ॅरन रॉजर्स ३६ वर्षांचा, अजून धारदार. पुढच्या एप्रिलमध्ये त्यांनी चौथ्या फेरीतली एक निवड जास्तीची देऊन ३० वरून २६ वर उडी मारली आणि जॉर्डन लव्हला घेतलं. त्या ड्राफ्टमध्ये रिसीव्हरांचं पीक अमाप आलेलं. टी हिगिन्स ३३व्या क्रमांकापर्यंत उपलब्ध होता. पॅकर्सनी सातही फेऱ्यांत एकही रिसीव्हर घेतला नाही.

जानेवारी २०२१ मध्ये पॅकर्स पुन्हा तिथेच, एनएफसीच्या अंतिम सामन्यात, घरच्या मैदानावर. टॉम ब्रेडीची टॅम्पा बे ३१-२३ पुढे. दोन मिनिटांच्या आसपास उरलेली, बॉल टॅम्पाच्या गोलरेषेपासून आठ यार्डांवर, चौथा डाउन, म्हणजे शेवटचा प्रयत्न. रॉजर्सने लागोपाठ तीन पास टाकले होते, तिन्ही वाया. कोच मॅट लाफ्लूरने चौथा प्रयत्न न करता लाथेने तीन गुणांचा फील्ड गोल घेतला. ३१-२६. मग बॉल ब्रेडीकडे गेला तो परत आलाच नाही. एक हिगिन्स असता तर त्या आठ यार्डांचं काय झालं असतं हे कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण त्या हंगामात, आणि त्याच्या पुढच्याही, लीगचा सर्वोत्तम खेळाडू रॉजर्स ठरला. आणि संघाची पहिली निवड त्या २०२० च्या हंगामात एकाही सामन्याला खेळण्याच्या यादीत नव्हती.

दुसरी बाजू: लव्हचं झालं काय

२०२३ मध्ये रॉजर्स जेट्सकडे गेला आणि चौथ्याच स्नॅपला त्याची अकिलीस शीर तुटली. त्याच हंगामात लव्हने पॅकर्सना प्लेऑफमध्ये नेलं आणि डॅलसला डॅलसमध्येच ४८-३२ धुतलं. जुलै २०२४ मध्ये त्याला चार वर्षांचे २२ कोटी मिळाले. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी या पोराने १७ इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्याने झेललेले पास) टाकली होती. पहिल्याच वर्षी मैदानात ढकलला असता तर करपून गेला असता असं मला वाटतं. पॅकर्सना याची सवयही आहे: २००५ मध्ये ब्रेट फार्व्हच्या मागे त्यांनी २४व्या क्रमांकावर खुद्द रॉजर्सलाच घेतलं होतं, तीन वर्षं बसवलं होतं, आणि २०१० च्या हंगामात त्याच्याकडून सुपर बोल, म्हणजे लीगचं विजेतेपद, घेतला होता. फार्व्हपासून लव्हपर्यंत तीस वर्षं क्वार्टरबॅकसाठी वणवण न करणारा संघ दुसरा दाखवा.

मात्र २००५ चं गणित २०२० ला लागू पडत नाही, आणि इथेच बरेचजण फसतात. आजच्या काळात नवख्या क्वार्टरबॅकचं मोल त्याच्या स्वस्त वर्षांत असतं. तो वर्षाला ३० लाखांत खेळतो तेव्हा उरलेल्या पैशांत बाकीचा संघ उभा करता येतो. बाकावर बसलेलं प्रत्येक वर्ष त्या स्वस्ताईतून वजा. लव्हची तीन वर्षं अशी गेली. मे २०२३ मध्ये पॅकर्सनी पाचव्या वर्षाचा पर्याय न वापरता त्याला एका वर्षाची मुदतवाढ दिली, आणि पुढच्या जुलैत मोठा करार. कमी पैशांत प्रत्यक्ष खेळलेला हंगाम उरला एक.

आता हर्ट्स बघा. त्याच २०२० च्या ड्राफ्टमध्ये फिलाडेल्फिया ईगल्सनी तो ५३व्या क्रमांकावर घेतला. पुढे कार्सन वेंट्झ होता, आदल्याच वर्षी १२ कोटी ८० लाखांची मुदतवाढ घेतलेला. शहरात बोंबाबोंब झाली. डिसेंबरात वेंट्झ बाकावर आणि हर्ट्स मैदानात. २०२१ आणि २०२२ हे दोन पूर्ण हंगाम तो दुसऱ्या फेरीच्या पगारात खेळला. त्या सवलतीत २०२२ मध्ये ईगल्सनी टायटन्सकडून ए. जे. ब्राउन आणला आणि त्याला चार वर्षांचे १० कोटी दिले; त्या हंगामात सुपर बोलची अंतिम लढत गाठली, ३८-३५ ने हरले. मग हर्ट्सला २५ कोटी ५० लाख मिळाले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये कॅन्सस सिटीला ४०-२२ हरवून ट्रॉफी आणि सामन्याचा मानकरी हा किताब.

लमार जॅक्सनचं उदाहरण मला या सगळ्यांत उजवं वाटतं, कारण ते नशिबापेक्षा हिशेबावर चाललं. २०१८. बाल्टिमोर रेव्हन्सचा क्वार्टरबॅक जो फ्लॅको ३३ वर्षांचा, सुपर बोल जिंकून पाच वर्षं उलटलेली, संघ सलग तीन हंगाम प्लेऑफबाहेर. रेव्हन्सनी दुसऱ्या फेरीची वाट न बघता पुढच्या वर्षाची दुसरी फेरीसुद्धा ईगल्सना देऊन पहिल्या फेरीतली अगदी शेवटची, ३२वी निवड मिळवली. एक क्रमांक खाली, ३३वर, पाचव्या वर्षाची सोय नव्हती. नोव्हेंबरात फ्लॅकोचं कंबरेचं हाड दुखावलं, जॅक्सनने सातपैकी सहा सामने जिंकले, पुढच्या वर्षी तो एकमताने सर्वोत्तम खेळाडू. फ्लॅको पुढच्या फेब्रुवारीत डेन्व्हरला रवाना. इथे कुणालाच अंधारात ठेवलेलं नव्हतं. जुना माणूस उतरणीला लागलाय हे फ्लॅकोसकट सगळ्यांना दिसत होतं.

एका म्यानात दोन तलवारी

या म्हणीचा धाक चाहत्यांना फार. लव्ह आल्यावर रॉजर्स दोनदा सर्वोत्तम खेळाडू ठरला. हर्ट्स आल्यावर वेंट्झने १२ सामन्यांत १५ इंटरसेप्शन टाकली, ५० वेळा सॅक झाला (बॉल फेकण्याआधीच पाडला गेला), आणि त्याला कोल्ट्सकडे पाठवताना ईगल्सच्या कॅपवर ३ कोटी ३८ लाखांचा मृत बोजा (गेलेल्या खेळाडूच्या पैशांचा भार) पडला, तेव्हाचा विक्रम. एकच औषध, दोन रोग्यांवर दोन परिणाम. खेळाडूचं मन दुखावेल हा मुद्दा मी शेवटी धरीन, पण सोडणार नाही: रॉजर्सचं आणि पॅकर्सचं बिनसल्याची बातमी २०२१ च्या ड्राफ्टच्याच दिवशी फुटली, आणि ते भांडण मिटवायला पुढच्या वर्षी मोठा करार द्यावा लागला. मन दुखावल्याचीही अशी किंमत पडते.

विम्यासाठी बाजारात काय मिळतं

डिसेंबर २०१७ मध्ये वेंट्झचा गुडघा गेला तेव्हा ईगल्सकडे निक फोल्स होता, दोन वर्षांच्या १ कोटी १० लाखांवर आणलेला. त्याने पेट्रियट्सविरुद्ध सुपर बोलमध्ये ३७३ यार्ड टाकले आणि ४१-३३ ने सामना जिंकून दिला. २०२३ मध्ये क्लीव्हलंडने ३८ वर्षांच्या फ्लॅकोला (होय, तोच) नोव्हेंबरात घरून बोलावलं. पाचपैकी चार सामने जिंकून त्याने संघ प्लेऑफमध्ये नेला. २०२५ च्या ऑक्टोबरात जो बरो जायबंदी आणि त्याच्या जागचा जेक ब्राउनिंग ढेपाळलेला, तेव्हा सिनसिनाटीने कुणासाठी फोन फिरवला? पुन्हा फ्लॅको.

फोल्स आणि फ्लॅको दोघांनीही आधी पहिल्या क्रमांकाचा क्वार्टरबॅक म्हणून चांगले हंगाम काढले होते. २०१३ मध्ये फोल्सची २७ टचडाउन (गोलरेषेपार नेऊन गुण मिळवून देणारे पास) आणि फक्त २ इंटरसेप्शन होती. अनुभवी माणूस निवडताना मी हेच बघेन: कधीतरी संघ त्याच्या खांद्यावर होता का? चेस डॅनियलने अख्ख्या कारकिर्दीत पाच सामन्यांत सुरुवात केली आणि ४ कोटी डॉलरच्या वर कमावले. त्याची चेष्टा पुष्कळ होते, पण कोच त्याला पैसे द्यायचे ते बैठकीच्या खोलीतल्या डोक्याचे. ते मोलाचं असतं, फक्त रविवारी कामाला येईल याची खात्री नसते.

पॅकर्सनीही लव्हच्या मागे कुणी वरच्या फेरीतला घेतला नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये सातव्या फेरीतली एक निवड देऊन टायटन्सकडून मलिक विलिस आणला. तिकडे तिसऱ्या फेरीत घेतलेला, न जमलेला पोरगा. दोनच आठवड्यांत ब्राझीलमधल्या सामन्यात लव्हचा गुडघा दुखावला. लाफ्लूरने चाली छाटल्या, बॉल पायी पळवला, विलिसने कोल्ट्स आणि टायटन्स दोघांनाही हरवलं. वारसदारावर पहिली फेरी आणि विम्यावर सातवी: पॅकर्सचा हिशेब इतका साधा आहे.

विमाच न काढण्याची किंमत पाहायची तर २०११ चे कोल्ट्स पाहा. पेटन मॅनिंगच्या मानेवर शस्त्रक्रिया, मागे कर्टिस पेंटर, ऐनवेळी निवृत्तीतून आणलेला केरी कॉलिन्स, शेवटी डॅन ऑर्लोव्हस्की. १६ पैकी २ विजय. (त्यातूनच त्यांना पहिल्या क्रमांकावर अँड्र्यू लक मिळाला, पण हे नियोजन म्हणून कुणी सांगू नये.) किंवा जानेवारी २०२३ चा एनएफसी अंतिम सामना: फोर्टीनायनर्सच्या ब्रॉक पर्डीचा कोपर गेला, मग जॉश जॉन्सनच्या डोक्याला मार लागला, आणि बॉल फेकता न येणारा पर्डी परत मैदानात. ३१-७. त्यानंतर लीगने तिसरा क्वार्टरबॅक आणीबाणीपुरता राखीव ठेवण्याचा नियम आणला.

खालच्या फेऱ्यांचा मोह

ब्रेडी १९९वा, डॅक प्रेस्कॉट १३५वा, पर्डी २६२वा आणि त्या ड्राफ्टमधला शेवटचा. ही नावं घेऊन 'खालून उचला, कशाला वर खर्च' म्हणणारे त्या फेऱ्यांत येऊन विरून गेलेल्यांची यादी कधी वाचत नाहीत. तरी खालच्या फेरीत दरवर्षी एखादा घेत राहणं शहाणपणाचं आहे, कारण हुकला तरी तोटा नाही. नव्वदच्या दशकात पॅकर्सचे व्यवस्थापक रॉन वुल्फ हेच करायचे, तेही फार्व्ह जवळजवळ एकही सामना चुकवत नसताना. मार्क ब्रुनेल पाचव्या फेरीतला, मॅट हॅसलबेक सहाव्या, अ‍ॅरन ब्रुक्स चौथ्या. तिघंही पुढे दुसऱ्या संघांचे मुख्य क्वार्टरबॅक झाले आणि पॅकर्सना मोबदल्यात काही ना काही मिळालं. हॅसलबेक देऊन २००१ मध्ये १७ वरून दहाव्या क्रमांकावर चढले आणि तिथे जमाल रेनॉल्ड्स नावाचा फुसका बार निघाला, हा भाग वेगळा.

भरवशाच्या म्हशीला टोणगा होतो तो बहुधा दुसऱ्या फेरीत. जेट्सने २०१६ मध्ये ५१व्या क्रमांकावर क्रिस्चन हॅकेनबर्ग घेतला. त्याने नियमित हंगामातला एकही सामना खेळला नाही. सुपर बोल जिंकलेल्या टॅम्पाने २०२१ मध्ये ६४व्या क्रमांकावर ब्रेडीचा वारसदार म्हणून काइल ट्रास्क घेतला. ब्रेडी गेल्यावर एका वर्षाच्या ४० लाखांच्या करारावर बेकर मेफिल्ड आला, ट्रास्कला मागे टाकून जागा घेतली, आणि आज संघ त्याचा आहे. ट्रास्कने चार वर्षांत एकाही सामन्याची सुरुवात केली नाही. २०१२ चा ड्राफ्ट तर या वादातला माझा आवडता पुरावा: मॅनिंगच्या मागे डेन्व्हरने ब्रॉक ऑस्वायलर ५७वा घेतला. त्यानंतर रसेल विल्सन ७५वा गेला, फोल्स ८८वा, कझिन्स १०२वा. लवकर घेतला म्हणून चांगला मिळतो असं नाही.

मग हर्ट्स आणि गरॉपोलो? जिमी गरॉपोलोला पेट्रियट्सनी २०१४ मध्ये ६२वा घेतला, ब्रेडी तेव्हा ३६ वर्षांचा. २०१६ मध्ये ब्रेडीवर चार सामन्यांची बंदी आली. गरॉपोलोने दोन जिंकले, त्याचा खांदा गेल्यावर तिसऱ्या फेरीतल्या ब्रिसेटने एक जिंकून दिला, आणि त्या हंगामात सुपर बोल आला. ब्रेडी काही म्हातारा होईना, म्हणून २०१७ मध्ये गरॉपोलो फोर्टीनायनर्सला गेला, मोबदल्यात दुसरीच फेरी. खरेदी-विक्री बरोबरीत, मधली साडेतीन वर्षं फायद्यात. दुसरी फेरी वसूल होते ती अशी: ज्याला घेतला त्याच्यात उद्याचा मुख्य क्वार्टरबॅक दिसत असेल तरच. नुसती जागा भरायला घेतलेला हॅकेनबर्ग ठरतो.

मग तुमच्या संघाने काय करावं

वयापेक्षा मी करार आधी उघडेन. मुख्य क्वार्टरबॅकचे हमीचे पैसे कुठल्या वर्षी संपतात ते बघा. ते दोन हंगामांच्या आत संपत असतील, तो तेहतिशीच्या पुढे असेल आणि तुमची निवड २० ते ६४ च्या दरम्यान असेल, तर आवडलेला पोरगा घ्याच. जमलं तर ३२च्या आत घ्या, पाचव्या वर्षासाठी. एक हंगाम बसवा; दोन फार झाले. तिसरं वर्ष बसवणार असाल तर ती निवड रिसीव्हरवर खर्च करा.

क्वार्टरबॅक तिशीच्या आतला, नुकताच मोठा करार केलेला, पण वारंवार जायबंदी होणारा असेल तर वरच्या फेरीला हात लावू नका. पूर्वी कधीतरी संघ सांभाळलेला अनुभवी माणूस आणा, सोबत सहाव्या-सातव्या फेरीत एखादं पोर घेत राहा. पोर निघालं चांगलं तर विकता येईल.

मधली अवस्था अवघड: माणूस तरुण आहे, करार मोठा आहे, पण तुमचाच त्याच्यावरचा विश्वास डळमळलाय. इथे दुसरी फेरी माझ्या मते बरोबर, फक्त मृत बोजा सोसायची तयारी आधीच करावी. ईगल्सनी ३ कोटी ३८ लाख सोसले.

आणि पहिल्या दहात निवड असताना, १० कोटींची हमी नुकतीच दुसऱ्याला दिलेली असताना? नाही. फाल्कन्सच्या बाजूने एवढं म्हणता येईल की २०२४ मध्ये कझिन्सने शेवटच्या पाच सामन्यांत १ टचडाउन आणि ९ इंटरसेप्शन अशी कामगिरी केली तेव्हा पेनिक्स हाताशी होता, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये पेनिक्सचा गुडघा गेला तेव्हा २ कोटी ७५ लाखांचा हमी पगार घेऊन बसलेला कझिन्स. दोन्ही वेळा माणूस होता, फक्त एका जागेचे दोनदा पैसे भरून. पेनिक्स एवढा आवडला होता तर मार्चमध्ये ८०-९० लाखांचा एखादा ब्रिसेट पुरला असता.

विम्याचा माणूस ठरलाच असेल तर घाई करू नका. ड्राफ्ट संपल्यानंतरच्या सोमवारनंतर करारमुक्त खेळाडू घेतला तर भरपाईच्या निवडींच्या (गमावलेल्या खेळाडूंच्या बदल्यात मिळणाऱ्या जादा निवडी) हिशेबात तो धरला जात नाही, आणि तोवर बऱ्याच संघांची जागा भरलेली असल्याने भावही उतरलेले असतात. एप्रिलमध्ये तोंड बंद ठेवून मेमध्ये फोन करा.